मुलाखत कोणाची?

“जर्मनीतलं शिक्षण जगात उत्तम आहे, म्हणून मी इथे आले,” लिन म्हणाली. स्वरूपाने कपाळावर हात मारून घ्यायचंच काय ते बाकी ठेवलं. आठवडाभर प्रत्येक चिनी मुलामुलीने तिला हेच वाक्य ऐकवलं होतं, तेही त्याच सुरात!

बर्लिनच्या त्या भाषावर्गात ही मुलं विद्यापीठाच्या प्रवेशाची तयारी करत होती, आणि स्वरूपा ढवळे पीएचडीसाठी त्यांचा अभ्यास. घर सोडून निघालेल्या माणसाच्या मनात काय चालतं, ते तिला त्यांच्याच तोंडून हवं होतं. पण तिचे प्रोफेसर क्राउझे पडले आकड्यांचे भक्त. टेपा ऐकून ते म्हणाले होते, “गेनाऊ, अगदी तंतोतंत! सगळ्यांचं एकच उत्तर. म्हणून तर सांगतो, प्रश्नावली वाटा, खुणा करू द्या, मोजा. उद्यापर्यंत एक तरी खरं वाक्य आणा, नाहीतर मुलाखती बंद.” म्हणजे आजवरची सगळी मेहनत पाण्यात.

लिन पाठ ताठ करून, हात मांडीवर ठेवून पुढच्या प्रश्नाची वाट बघत होती. मध्ये टेबल, टेबलावर फाइल आणि टेपरेकॉर्डर. हे असं आपण कुठे बसलो होतो बरं? स्वरूपाला आठवलं आणि ती चपापली. मुंबईत, व्हिसाच्या मुलाखतीला! आरशासमोर उत्तरं घोकघोकून गेली होती ती. अगं बाई, ही पोरं माझ्याशी बोलतच नाहीयेत, व्हिसाच्या साहेबाला उत्तरं देतायत!

ती ताडकन उठली. “लिन, तू माझ्या खुर्चीत बस. आता तू विचार.”

लिन आधी गोंधळली. मग बसली, घसा खाकरला. “तुम्ही जर्मनीत का आलात?”

“जर्मनीतलं शिक्षण जगात...” स्वरूपाच्या तोंडून आपसूक निघालं. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि मग पोट धरधरून हसल्या.

हसू ओसरल्यावर लिनने हळूच विचारलं, “नापास झालात, तर घरी काय सांगणार?”

स्वरूपा टेपरेकॉर्डरकडे बघत म्हणाली, “अजून ठरवलं नाही गं. विचार करायचाही धीर होत नाही.”

“मी सांगितलंच नाही,” लिन म्हणाली. “मागच्या परीक्षेत नापास झालेय मी. पास झाले असंच कळवलं, तर घरच्यांनी, तुमच्याकडे पेढे वाटतात तसं, गावाला जेवण घातलं.” आणि ती जी बोलत सुटली, ती टेप संपेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी क्राउझेंनी ती टेप शेवटपर्यंत ऐकली. चष्मा काढून पुसला. “पण इथे प्रश्न ती विचारते आहे, फ्राउ ढवळे. मग ही मुलाखत कोणाची?”

“तिचीच, हेर प्रोफेसर. मनात सलतं, तेच माणूस दुसऱ्याला विचारतं.” स्वरूपाचा आवाज आज जराही कापला नाही. तिला स्वतःचंच कौतुक वाटलं.

क्राउझेंनी प्रश्नावलीचा गठ्ठा उचलून कपाटात टाकला, टेबलाला वळसा घालून ते तिच्या बाजूला आले आणि स्वतःच्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

“बसा तिथे. आणि आता मला विचारा, मी इतकी वर्षं आकडेच का मोजत आलो.”