रोज बुडणारा नवरा

“काकू, तुमचा नवरा रोजच बुडतो का?”

एका दमात विचारलं तिने. अख्ख्या बसच्या माना मागे वळल्या. पुढे गाइडबाई एका हातात माइक आणि दुसऱ्या हातात रुमाल घेऊन उभ्या होत्या. रुमाल नुकताच डोळ्यांना लावून झाला होता. खिडकीबाहेर पांढरंशुभ्र दीपगृह, त्याच्या पायथ्याशी काळे खडक. याच खडकांवरून, गाइडबाईंच्या सांगण्यानुसार, बारा वर्षांपूर्वी त्यांच्या नवऱ्याचा पाय घसरला होता.

शेजारच्या तिघी मैत्रिणींनी तिचा दंड दाबला. पैज जिंकली होती.

पैज सकाळी बस सुटतानाच लागली होती. चौघी जन्मापासून याच बेटावरच्या. पण परीक्षा संपल्यावर एकदा पाहुण्यांसारखं आपलंच बेट फिरायचं म्हणून त्या दिवसभराच्या सहलीच्या बसमध्ये चढल्या. एकीची ताई गेल्या वर्षी याच बसने आली होती. तेव्हा गाइड एक काका होते, आणि त्यांची बायको बुडाली होती. याच खडकावरून, याच वेळी, जेवणाच्या थांब्याआधी. ते ऐकून चौघी हसून हसून लोळल्या. मग ठरलं, गाइडबाईंना सगळ्यांदेखत विचारायचं. विचारणार कोण? तिघींनी तिच्याकडे पाहिलं.

वर्षापूर्वी कुणी पाहिलं नसतं. तेव्हा ती वर्गातली गोगलगाय होती. हजेरी देतानाही तिचा आवाज पुढच्या बाकापर्यंत पोचत नसे. या वर्षी वक्तृत्व स्पर्धेत ढाल मिळाली आणि तिला एकदम कंठ फुटला. आता ती दुकानदाराशी हुज्जत घालायची, मुख्याध्यापकांना उलट प्रश्न विचारायची. कुणी गप्प बस म्हटलं की तिला हातपाय बांधल्यासारखं व्हायचं.

मागच्या सीटवरची कुजबुज गाइडबाईंच्या कानावर गेली. त्यांचे कान तयारच होते. धबधब्यापाशी सगळे फोटो काढण्यात गुंतलेले असताना त्यांनी तिला शहाळ्याच्या गाडीमागे नेलं. आढेवेढे घेतले नाहीत. ते कंपनीने लिहून दिलेलं आहे, म्हणाल्या. जो गाइड येईल त्याचं माणूस तिथे बुडतं. नाहीतर दीपगृह म्हणजे नुसता चुना फासलेला खांब, कोण उतरून बघणार? आज पुढच्या सीटवर कंपनीचे साहेब तपासणीला बसलेत. दीपगृहापाशी लोक रडण्याऐवजी हसले, तर उद्यापासून बस दुसऱ्या कुणाला देतील. आजचा दिवस तेवढं सांभाळून घे.

“म्हणजे तुमचे मिस्टर जिवंत आहेत?” तिने विचारलं होतं.

“आहेत. चार वर्षं अंथरुणाला खिळलेत. दुपारी बुडवते म्हणून संध्याकाळी भरवता येतं, बाळ.”

तिने मान डोलावली होती. अगदी मनापासून. दालचिनीच्या बागेपर्यंत ती गप्पही राहिली. बागेत एक मैत्रीण नुसतं एवढंच म्हणाली की गोगलगाय परत शंखात गेली वाटतं. तेवढं पुरलं.

आता गाइडबाईंनी रुमालाची घडी घातली.

“रोज नाही,” त्या म्हणाल्या. “सोमवारी बस बंद असते.”

आधी पुढून एक खुदकन आवाज आला. मग सगळी बस खिदळली. ड्रायव्हरसुद्धा स्टिअरिंगवर डोकं टेकून हसला. साहेब तेवढे हसले नाहीत. ते उठले, गाइडबाईंच्या हातून माइक काढून घेतला आणि सरळ मागे आले. आता भर उन्हात खाली उतरवणार, असं तिला वाटलं. पण साहेबांनी विचारलं, एवढा खणखणीत आवाज कुठे लपवला होतास? उरलेला रस्ता तू सांग बघू.

उरला होता एक दगडी पूल, थोडी भातशेती आणि डोंगरावरचा पडका किल्ला. गाइडबाई दाराच्या पायरीवर जाऊन बसल्या होत्या. ती पुढे आली तशी त्यांनी हात लांब करून माइक तिच्या ओठांजवळ सरकवला. लांब धरलास तर मागे ऐकू जात नाही, म्हणाल्या. पुलावर तिने स्वतःच्या मनानेच एक नवरी उभी केली. पूर आला, वऱ्हाड पलीकडे अडकलं, आणि नवरी वाट बघत बघत म्हातारी झाली. पुढच्या दोन बायकांचे डोळे भरून आले. किल्ल्यापाशी तर टाळ्या पडल्या. तिला आपण बसच्या टपावर उभं असल्यासारखं वाटत होतं. गाइडबाई कोणत्या थांब्यावर उतरून गेल्या, ते तिच्या लक्षातही आलं नाही.

घरी बाबा ओट्याशी उभे राहून लसूण सोलत होते. आई कपड्यांच्या घड्या घालत होती. ती चपला न काढताच आत आली आणि दोघांना खुर्च्यांवर बसवलं.

“मी ठरवलंय,” ती म्हणाली. “दर शनिवार-रविवार त्या बसवर गाइड मी. साहेब उद्या बोलायला घरी येणार आहेत.”

आईने विचारलं, आधी कुणी असेल ना त्या जागी, तिचं काय? ती म्हणाली, होती एक, पण लोक हसायला लागले तिला. बाबांना मात्र हसू आवरेना. पाहुणे आले की दाराआड लपणारी त्यांची लेक आता माइकवर बोलणार होती. त्यांनी लसणाचे हात पंच्याला पुसले. पहिल्याच रविवारी आम्ही दोघं येतो, म्हणाले. अगदी पुढची सीट धरून ठेव.

“आई येईल,” ती म्हणाली. “तुम्हाला नाही येता यायचं, बाबा. मी पाच वर्षांची असतानाच तुम्ही दीपगृहापाशी बुडालात.”