चिकटपट्टीखालचा नंबर

निकानोरनं पट्टी दाबली आणि कीबोर्डातून पियानो वाजला.

त्यानं चटका बसल्यासारखा हात मागं घेतला. कीबोर्ड बंद करून पुन्हा चालू केला. पुन्हा पियानोच. स्वच्छ, सभ्य, शाळेच्या प्रार्थनेला शोभेल असा. समोरच्या अंगणात अर्धी वस्ती उभी होती, आणि ती काही पियानो ऐकायला आली नव्हती.

कार्तागेना शहरातला ‘रागीट कोंबडा’ हा पिको, म्हणजे वस्तीला नाचवणारा स्पीकरांचा ताफा, आज दुपारी शेवटचा वाजत होता. घराएवढे उंच, रंगीबेरंगी चित्रं काढलेले ते स्पीकर मालकानं विकले होते. उद्या ट्रक येणार होता. पन्नाशी-साठीतली माणसं इस्त्रीचे शर्ट घालून, गार बिअरच्या बाटल्या गालाला लावून एकाच गोष्टीची वाट बघत होती. रेकॉर्ड रंगात आली की निकानोर वरून कीबोर्डाचा एक आवाज सोडायचा, त्याची. धड बासरी नाही, धड पिपाणी नाही. नाकातून रडल्यासारखा, आणि तरी पाय जमिनीवर ठरू न देणारा. त्या आवाजावर या वस्तीतली निम्मी लग्नं जमली होती, दोन-तीन मोडलीही होती.

आवाज निकानोरनं घडवलेला नव्हता. कारखान्यानं कीबोर्डात भरून दिलेल्या शेकडो तयार आवाजांमधलाच तो एक. तीन आकडी नंबर दाबला की हजर. पण नंबर कुठला, हे गुपित होतं. कीबोर्डाच्या इवल्याशा पडद्यावर निकानोरनं पहिल्या दिवसापासून काळी चिकटपट्टी लावली होती. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. पिकोवाले रेकॉर्डांवरची नावंसुद्धा नखानं खरवडून काढायचे, शेजारच्या पिकोला गाणं कळू नये म्हणून.

सगळ्यात जास्त पोटात दुखायचं ते एवारिस्तोच्या. तो समोरच्या पिकोचा कीबोर्डवाला. निकानोरच्या मुलीचा बाप्तिस्म्याच्या वेळचा धर्मपिताही तोच, म्हणून दोघं एकमेकांना कोंपाद्रे म्हणायचे आणि शनिवार आला की एकमेकांची गर्दी पळवायचे. खरं तर पळवायचा निकानोरच. तो आवाज सुटला की एवारिस्तोच्या अंगणातली माणसं हातातली बाटली तशीच घेऊन रस्ता ओलांडायची. त्याचा पिको बुडाला तो असा. पुढं तो पंखे दुरुस्त करायला लागला. तरी दर रविवारी डॉमिनोच्या टेबलावर, चारचौघांत, त्याचं तुणतुणं चालूच.

“कोंपाद्रे, नंबर सांग की आता.”

“मी मेलो की ये विचारायला.”

सगळे खो खो हसायचे, आणि निकानोरची छाती फुगायची.

आता त्याच निकानोरची पाठ घामानं भिजली होती. रेकॉर्ड चालूच होती, त्याची जागा जवळ येत होती. त्यानं हाताला येतील ती बटणं दाबली. व्हायोलिन आलं. चर्चची घंटा आली. मग हेलिकॉप्टर आलं आणि अंगणात हशा पिकला.

“निकानोर, उडून चाललास की काय रे?” कुणीतरी ओरडलं.

स्पीकरच्या मागून एवारिस्तो वर चढून आला. “काय हे, कोंपाद्रे? मघाशी पियानो काय, घंटा काय. पाद्रीबाबांनी नोकरी दिली वाटतं.”

निकानोर हसला नाही. “आतली बॅटरी गेली. बंद केला तरी शेवटचा आवाज लक्षात ठेवायचा, ते सगळं पुसलं गेलं.”

“मग दाब की नंबर. मी तोंड फिरवतो.”

निकानोरनं पडद्यावरची चिकटपट्टी सोलून काढली. खालचा पडदा फुटलेला होता, आडवा तडा गेलेला, काळाठिक्कर.

“बंदरावरच्या खलाशाकडून घेतला तेव्हाच असा होता. म्हणून तर स्वस्तात मिळाला. लोक भंगार म्हणतील म्हणून पट्टी लावली.” त्यानं सोललेली पट्टी बोटाला गुंडाळली. “पोरगी रांगत यायची, बटणांवर थापट्या मारायची. तिच्या हातून लागला तो आवाज. नंतर भीतीनं मी कधी त्या बटणांना बोट लावलं नाही. मला नंबर माहीत नाही, एवारिस्तो. कधीच नव्हता.”

उभ्या आयुष्यात त्याला इतकी लाज वाटली नव्हती.

एवारिस्तोनं त्या फुटक्या पडद्याकडे पाहिलं. मग वाकून तीन बटणं दाबली.

“वाजव.”

आणि तो आवाज आला. अंगणातून किंकाळीच उठली. बायकांनी पायातल्या चपला भिरकावल्या, नवऱ्यांना ओढलं, नवरे नव्हते त्यांनी शेजाऱ्यांना ओढलं. निकानोरची बोटं आपोआप धावत होती. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. त्याला परत तिशीत आल्यासारखं वाटत होतं.

गायकाचं कडवं सुरू झालं तेव्हा कुठं तो वळला.

“तुला कधीपासून माहीत?”

“पहिल्याच वर्षापासून. माझ्याकडेही असाच कीबोर्ड होता ना. बसलो एकेक आवाज लावत.”

“मग रविवारचा जीव का खायचास माझा?”

“विचारायचा थांबलो असतो, तर मला सापडला हे अख्ख्या वस्तीला कळलं असतं.”

“तुझा पिको बुडाला, मूर्खा! एकदा तरी वाजवायचास तो आवाज!”

“वाजवला की,” एवारिस्तो म्हणाला. “घरी. खिडक्या लावून.”