येगळं दार

महाळुंग्यातल्या नव्या बंगल्याचा नकाशा आला, तेव्हाच गवराबाईनं नातवाला, ज्ञानेशला बजावलं होतं, "मला येगळं दार पायजे." सवतीबरोबर एकाच उंबऱ्यात पन्नास वर्षं काढली, नवराही गेला, आता बास. गवराबाईचा खांदा आखडलेला, म्हणून तीच सवत, सुभद्राबाई, मागं बसून तिचे केस विंचरत होती. कंपनीच्या ट्रेनिंगसाठी चीनला जाऊन आलेली नात दिपाली मोबाइलवर तिथल्या राजवाड्याचे फोटो दाखवत होती. "आजी, राजाच्या बायका इथं राहायच्या. प्रत्येकीचं अंगण वेगळं, दार वेगळं." गवराबाई हरखली. "आन् राजा मेल्यावर?" "ते नाही विचारलं गं." गवराबाई त्या मिटलेल्या दारांकडं बघत राहिली. "मग भांडायला कुणाकडं जात असत्याल बाया?" सुभद्राबाईनं गुंत्यातली फणी हिसडली. "मेले! हळू वढ की!" गवराबाई कळवळली, मग नातीला म्हणाली, "ज्ञानेशला सांग, दार एकच ठेव."