नवसाचा नारळ

गलबत फुटून उंदीर बेटावर चढले, तेव्हापासून तिथून सुरय पक्ष्यांचं एकही पिल्लू उडालं नव्हतं. अंडी उघड्या खडकावर, उंदरांच्या तोंडासमोर. बेटावरच्या दीपगृहात कामाला असलेल्या दाजींनी दोन वर्षं विष घातलं, सापळे लावले, शेवटी समुद्राला नवस बोलले. या वैशाखात बेटावर उंदीर औषधालाही उरला नव्हता आणि खडक अंड्यांनी भरला होता.

नवस फेडायला निघालेल्या दाजींनी बेट जवळ येताच पिशवीतून घरच्या माडाचा नारळ काढला. होडी वल्हवणारा सत्यवान म्हणाला, "दाजीनू, वाजवन तरी बघा. पाणी आसा काय?"

"नवसाचो नारळ वाजवन बघूचो नसता रे. देवाक काय पारखून देतत?"

डोळे मिटून त्यांनी तो समुद्राला वाहिला.

नारळ बुचासारखा तरंगला. मग कलला, आणि देठापाशी कुरतडलेलं भोक वर आलं. त्यातून ओल्या मिशा बाहेर आल्या. मागून आणखी एक तोंड.

"वल्ही मार, सत्यवाना. बेगीन." दाजी ओरडले.

लाट नारळाला बेटाकडेच नेत होती. होडीला मात्र पाण्याखालचे खडक टाळत वळसा घ्यावा लागला. होडी पोचली तेव्हा तो खडकाला लागून डुचमळत होता. दाजींनी तो उचलला. आत कुरतडलेल्या काथ्याचं घरटं होतं. उंदीर नव्हते.

"खंय गेले ते?" सत्यवानानं विचारलं.

दाजी उत्तर देणार, इतक्यात बेटाच्या पलीकडच्या अंगाला अंड्यांवर बसलेले सगळे सुरय एकदम ओरडत उठले.