माशाला जागा

“सर, उद्या दहाला जेसीबी येणार, आणि तुम्ही माशाची गोष्ट काय सांगताय?” हिम्मतराव म्हणाले.

अंगणात पंधरा-वीस शेजारी बसले होते. भगवंतराव देवणीकर शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेले. बरकतपुऱ्यातल्या आपल्या घराच्या अंगणात दर आठवड्याला एकदा संध्याकाळी ते पुराणांवर बोलत. या महिन्याचा विषय होता प्रलयाची चिन्हं. आज मात्र लोक वेगळ्याच कारणानं जमले होते. कुणीतरी तक्रार केली होती, सरकारी मोजणी झाली होती, आणि मागच्या नाल्यावरची सात बांधकामं पाडायची नोटीस आली होती. नाल्यावरच्या पुलाकडून पहिलं घर भगवंतरावांचं. त्याला लागून हिम्मतरावांचा चार मजली फंक्शन हॉल.

“गोष्ट पुरी करू द्या,” भगवंतराव म्हणाले. “प्रलयाच्या वेळी बारा सूर्य तळपतील, असं लिहून ठेवलंय. मे महिन्यात वस्तीतल्या पत्र्याखाली बसा, बाराही मोजता येतील. लिहिणाऱ्यांना भविष्य दिसत नव्हतं. त्यांनी दुष्काळ पाहिले, पूर पाहिले, आणि पुढच्यांसाठी खूण करून ठेवली.”

“आणि कल्की?” मागून एका म्हाताऱ्यानं विचारलं. “युद्धं चाललीत, रोग येतायत. तो घोड्यावरून कधी येणार?”

“घोड्याची वाट बघणं सोपं. आपल्याला काही करावं लागत नाही.”

काही जण हसले. भगवंतराव हसले नाहीत.

“मनूच्या ओंजळीत मासा आला. त्यानं तो मडक्यात ठेवला. मडकं पुरेना, तर विहिरीत सोडला. मग नदीत, मग समुद्रात. आपल्याला फक्त पुढची नौका आठवते. त्याआधी मनू काय करत होता? वाढणाऱ्याला जागा देत होता.”

फाटकाशी सत्यवती उभी होती. ती भगवंतरावांकडे स्वयंपाक करायची आणि पुलाखालच्या वस्तीत राहायची. चार वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात नाला तुंबला, पाणी वस्तीत शिरलं आणि तिची आई वाहून गेली. अंगणातल्या प्रत्येकाला हे माहीत होतं. तिच्याकडे कुणी पाहिलं नाही.

“ते सगळं ठीक आहे, सर,” हिम्मतराव म्हणाले. “पण उद्याचं काय?”

“उद्या मी दारात बसणार. कुठेही जाणार नाही.”

“बघा!” हिम्मतराव सगळ्यांकडे वळले. “त्या दिवशी नोटीस घेऊन आलेला अधिकारी काय बोलला, ठाऊक आहे ना? म्हणे, सर, तुम्ही एक अर्ज द्या, तुमचं घर वगळतो. आणि सर काय म्हणाले?”

“एकट्याला वगळून जमणार नाही,” भगवंतराव शांतपणे म्हणाले. “हिंमत असेल तर माझ्या दारापासून सुरुवात करा.”

टाळ्या वाजल्या.

लोक गेल्यावर प्रणिता उरली. भगवंतरावांची मुलगी. चिक्कडपल्लीला राहायची, वकिली करायची. बैठकीतली पुस्तकांची कपाटं रिकामी होती. महिन्यापूर्वीच भगवंतरावांनी सगळी पुस्तकं अफझलगंजच्या वाचनालयाला देऊन टाकली होती.

“बाबा, स्टे मिळेल. तुमचं वय, तुमची सर्व्हिस, जज ऐकेलच. फक्त एक सही द्या.”

“नाही.”

“हा हट्ट आहे, बाबा. आईनं एकेक वीट बघून घेतलेलं घर आहे हे.”

भगवंतरावांनी भिंतीवरून हात फिरवला.

“माहीत आहे मला,” ते म्हणाले.

“मग तक्रारीचं मूळ पत्र तरी मिळवते. ऑफिसातून नक्कल सकाळी मिळेल. कुणी केलंय हे, कळायला नको?”

“मिळव,” ते म्हणाले. “तू वकील आहेस.”

सकाळी साडेनऊला त्यांनी फाटकात खुर्ची टाकली. इस्त्रीचा सदरा, पायात चपला. सत्यवतीनं चहा आणून दिला आणि ती बाजूला उभी राहिली. हिम्मतरावांनी फलक आणले होते: ‘गुरुजींच्या घराला हात लावाल तर खबरदार’. हॉलमधली माणसं, शेजारी, दोन कॅमेरेवाले, सगळी गल्ली भरली. जेसीबी पुलावरून उतरला तेव्हा घोषणा सुरू झाल्या.

अधिकारी खाली उतरला. गर्दी बघून तो चुळबुळला.

“सर, कायकू परेशान होताय? आज राहू देऊ. पुढच्या महिन्यात बघू.”

“आज तारीख दिली आहे तुम्ही,” भगवंतराव म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. “पुढच्या महिन्यात पावसाळा आहे. मी इथं बसलोय. या पुढं!”

“शाब्बास, सर!” हिम्मतराव ओरडले. गल्ली दणाणली.

इतक्यात प्रणिताची स्कूटर गर्दीतून वाट काढत आली. तिच्या हातात कागद होता, नुकताच शिक्का मारलेला.

“मिळाली नक्कल?” हिम्मतराव पुढे झाले. “वाच, बेटी. सगळ्यांसमोर वाच. कुणी घात केला, कळू दे गल्लीला.”

प्रणिता वाचत नव्हती. ती वडिलांकडे बघत होती. त्यांनी मान हलवली.

“मोठ्यानं वाच,” ते म्हणाले.

“अतिक्रमण क्रमांक एक,” तिनं सुरुवात केली. “भगवंतराव देवणीकर यांचं घर. क्रमांक दोन, हिम्मतरावांचा फंक्शन हॉल. क्रमांक तीन...”

“ते माहीत आहे! खाली बघ. तक्रारदार कोण?”

प्रणितानं एकदा डोळे पुसले.

“तक्रारदार,” तिनं वाचलं, “भगवंतराव देवणीकर.”