जन्माची बंदी

विल्फ्रेड दारापर्यंत आला आणि आत न शिरता बाहेरच्या ओल्या बाकावर बसला. आत अख्खं गाव चहा-केक हादडत होतं. ‘काळा मेंढा’ हा गावचा एकुलता एक पब बंद पडून आता फिओनाचं राहतं घर झाला होता, आणि पबच्या जुन्या आठवणी गोळा करायच्या म्हणून तिनं सगळ्यांना बोलावलं होतं.

“काका, भिजताय कशाला? आत या ना.”

“मला इथं जन्माची बंदी आहे.”

फिओनानं परोपरीनं समजावलं. पब गेला, दारू गेली, घर आता तिचं. म्हातारा ढिम्म हलेना. बंदी जिनं घातली तिनंच उठवायची, ही गावची रीत. आणि ती, पबची जुनी मालकीण हिल्डा, आत सगळ्यात उबदार खुर्ची अडवून बसली होती. तीसेक वर्षांपूर्वी भरल्या पबात विल्फ्रेड म्हणाला होता की हिच्या बिअरमध्ये पाणी असतं. तेव्हापासून गावानं त्याला ‘पाणीवाला’ म्हणून पिडलं. माफी मागून मोकळा झाला असता बिचारा, पण चूक नसताना माफी मागेल तो विल्फ्रेड कसला.

“हिल्डा,” तो बाहेरूनच म्हणाला, “आता तरी सांग. पाणी होतं की नव्हतं?”

आतल्या सगळ्या माना हिल्डाकडे वळल्या. हिल्डानं तोंडातला घास सावकाश गिळला.

“होतं. पण फक्त तुझ्या पेल्यात. तुझी बायको एल्सी गेल्यावर ढोसत बसायचास आणि मग झोकांड्या खात नदीवरच्या फळीवरून घरी जायचास. बुडाला असतास, मेल्या.”

विल्फ्रेडनं टोपी काढली, पुन्हा घातली. इतकी वर्षं ज्यासाठी भांडला ते सगळ्या गावासमोर खरं ठरलं होतं, आणि त्याला हसावं की रडावं कळेना.

“पैसे मात्र अख्ख्या पेल्याचे घ्यायचीस,” तो शेवटी म्हणाला. “म्हणजे मी खरं बोललो होतो. उठव आता बंदी.”

“खरं बोललास म्हणूनच घातली. खोटं असतं तर हसून सोडून दिलं असतं. जन्माची म्हणजे जन्माची.”

एवढं बोलून हिल्डा काठी टेकत उठली. दोन चहा बाहेर पाठव म्हणून तिनं फिओनाला सांगितलं आणि उंबरा ओलांडून बाकापाशी आली.

“बंदी आतली आहे,” ती म्हणाली. “सरक तिकडे.”