दाराचं रबर

इन्सुलिनची बाटली फ्रीजच्या मागच्या भिंतीवरल्या बर्फाला चिकटली होती. सेरेइमाने ती ओढून काढली आणि उजेडात धरली. आत काचेच्या चुऱ्यासारखे कण.

"गोठलंय हे. आईला आता याचा काडीचा उपयोग नाही."

तोमासी उकिडवा बसून पेचकसाने बर्फ खरवडत होता. घरमालकाने पाठवलेला दुरुस्तीवाला. या महिन्यातली ही तिसरी खेप.

"दार सारखं उघडता तुम्ही, ताई. नाहीतर गरम भांडी ठेवत असाल."

"कोण उघडणार? घरात आम्ही दोघी. एरवी मी दिवसभर शाळेच्या स्वयंपाकघरात."

तिची आई, असेनाका, खिडकीशी बसली होती. सकाळीच दवाखान्यात नर्सने तिला भर रांगेत झापलं होतं. "साखर एवढी चढलीय म्हणजे चोरून गोड खाता, आजी. वर खोटं बोलता!" चाळीस वर्षं चर्चमध्ये गाणारी बाई. परतताना बसमध्ये ती तोंड लपवून बसली होती.

सेरेइमाने विजेचं बिल उचललं, फ्रीजच्या दारात धरलं आणि दार लावलं. मग दोन बोटांनी ओढलं. कागद सुळकन बाहेर आला.

"आता बोल. दार कोण उघडं ठेवतंय?"

तोमासीने पेचकस खाली ठेवला. "रबर गेलंय, ताई. आपल्या सुवा शहराची ही दमट हवा, फटीतून आत शिरते, तिचाच बर्फ होतो. मालकाला पहिल्याच दिवशी सांगितलं मी. तो म्हणाला, रबराचं राहू दे, बायकांना दार नीट लावायला सांग."

"आणि तू तेच सांगत बसलास?"

तो पेचकस पिशवीत भरू लागला.

"ऊठ. दवाखान्यात चल. आईची साखर गोड खाऊन नाही, या गोठलेल्या औषधानं चढली. हे तिथे बोल."

तिघं गेली. नर्सने बाटली पाहिली, तोमासीचं ऐकून घेतलं. तिचा चेहरा उतरला.

"चुकलं माझं, आजी," ती म्हणाली आणि नवी बाटली पुढे केली. "पण ही ठेवणार कुठे?"

असेनाकाने बाटली मुठीत घेतली आणि वाटेला लागली.

घरमालक कोरोई त्यांच्या वरच्याच मजल्यावर राहायचा. गुडघे दाबत असेनाका जिना चढली. दार उघडंच होतं. कोरोई नारळाच्या दुधातली मासळी वाढून जेवायला बसला होता. ती सरळ त्याच्या फ्रीजपाशी गेली आणि लोण्याच्या डब्याशेजारी बाटली ठेवली.

"आजी, हे काय चाललंय?"

"माझं औषध आहे." समोरची खुर्ची ओढून ती ऐसपैस बसली. "खालचं रबर येईपर्यंत मी इथंच. वाढ मला. गोड तेवढं नको."